शून्य कुठे धरलंय?

दादाच्या उजव्या डोळ्याचा पडदा सुटला तेव्हा श्रावण नुकताच लागला होता. ऑपरेशन झालं, डोळ्यात वायूचा बुडबुडा भरला आणि डॉक्टरांनी सांगितलं, आठ दिवस पालथं पडून राहायचं. बुडबुडा वर तरंगतो, पडदा असतो डोळ्याच्या मागच्या बाजूला. माणूस पालथा असला तरच बुडबुडा पडद्याला टेकून राहतो आणि पडदा जागच्या जागी चिकटतो. जेवण, आंघोळ सोडली तर बाकी सगळा वेळ तोंड जमिनीकडे. वहिनींनी दोन गाद्या शेजारी शेजारी टाकल्या, मध्ये वीतभर फट ठेवली आणि त्या फटीत दादाचं तोंड. आयुष्यात दुपारी कधी आडवा न झालेला माणूस आता फरशीवरचे ठिपके मोजत पडला होता.

तिसऱ्या दिवशी फाउंड्रीतून फोन आला. बेळगावात उद्यमबागेत आमची लहानशी वर्कशॉप आहे. जुन्या मशिनरीची कंट्रोल कार्डं दुरुस्त करणं हा दादाचा धंदा. ज्या कंपन्यांनी ती मशिनं बनवली त्यातल्या निम्म्या आता नाहीत, त्यामुळे काम कमी पडत नाही. या फाउंड्रीच्या कोअर ओव्हनचं पॅनेल मात्र दादाने स्वतः केलेलं होतं, २००३ साली. त्यातली दोन्ही कार्डं, टायमरचं आणि तापमानाचं, एका रात्रीत जळली होती. दोन पोरं घड्याळ हातात धरून ओव्हनपुढे बसवली होती आणि वाळूचे कोअर कधी कच्चे निघत होते तर कधी करपत होते.

डिझाइन ज्या कॉम्प्युटरवर केलं तो केव्हाच भंगारात गेला. ते सॉफ्टवेअरही आता कुठल्या मशिनवर चालत नाही. राहिली होती एक सीडी. त्या वेळी कार्डं बाहेरून करून घेतली होती आणि ती करणाऱ्याला पाठवलेल्या फाइली तिच्यावर होत्या. आताही बाहेर पाठवता आलं असतं, पण त्यात आठ-दहा दिवस जातात. वर्कशॉपमध्ये दादाने एक टेबलावरचं छोटं सीएनसी राउटर घेऊन ठेवलं आहे, अशाच एखाद-दुसऱ्या कार्डासाठी. तांब्याचा पत्रा चढवलेला बोर्ड त्यावर बसवायचा, टोकदार बिटाने तांबं खरवडून ट्रॅक वेगळे करायचे, मग पायांसाठी होल मारायची, शेवटी कडेने कापून घ्यायचं. अर्ध्या दिवसाचं काम. फक्त करणारा पालथा पडला होता.

“मी करते,” मी म्हटलं.

फटीतून आवाज आला, “तू?”

त्या एका अक्षराला वीस-पंचवीस वर्षांचा इतिहास आहे. बाबा गेले तेव्हा मी वीस वर्षांची होते, दादा चोवीसचा. वर्कशॉपचं शटर त्याने उचललं आणि मी हैदराबादला तौलनिक साहित्यात एम.ए. करायला गेले. माझी फी त्या शटरमागून येत होती. परत आल्यापासून मी कन्नडमधून मराठीत भाषांतरं करते. दादाने त्यातलं एकही पुस्तक उघडलेलं नाही. नाराजी म्हणून नव्हे. त्याच्या लेखी ते ‘तुझं लिहायचं काम’, आणि माझ्या लेखी त्याचं ते ‘कार्डांचं काम’. आम्ही एकमेकांच्या कामाची चौकशी केली नाही. अशी घरं बरीच असतात.

तर मी सीडी घेऊन वर्कशॉपला गेले.

ज्यांनी हे कधी पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते, मलाही ते त्याच आठवड्यात कळलं. डिझाइनच्या सॉफ्टवेअरमधून एक फाइल निघत नाही, दोन निघतात. एकीत तांबं असतं, म्हणजे कुठे ट्रॅक, कुठे पॅड. तिला गर्बर म्हणतात. दुसरीत फक्त होल असतात, कुठे आणि किती जाडीची. ती एक्सेलॉन. दोन्ही नावं यंत्र बनवणाऱ्या अमेरिकन कंपन्यांची. एक फिल्मवर प्रकाशाने रेघा ओढणारी यंत्रं करायची, दुसरी ड्रिलिंगची. एकीची भाषा रेघांची, दुसरीची भाषा भोकांची, आणि दोघींची गाठ पडते ती थेट बोर्डावर. तिथे होल बरोबर पॅडच्या मध्यावर पडायला हवं. या दोन फाइली तिसऱ्या एका सॉफ्टवेअरमध्ये घ्यायच्या, ते त्यांच्यापासून टूलपाथ काढतं, म्हणजे मशिनला समजेल अशा हुकमांची यादी: इथे जा, एवढं उतर, वर ये, पुढे जा.

गर्बर हे माणसाचं आडनाव आहे हे मला नंतर वाचनात आलं. जोसेफ गर्बर, १९२४ साली व्हिएन्नात जन्मलेला ज्यू मुलगा, नात्झींच्या तावडीतून सुटून १९४० मध्ये अमेरिकेला पोचला. त्याची पहिली शोधवस्तू म्हणजे ताणता येणारी मोजपट्टी. कॉलेजात असताना आलेखावरची आकडेमोड टाळायला त्याने आपल्या पायजम्याचं इलॅस्टिक काढलं, त्यावर खुणा केल्या आणि हवं तसं ताणून मापं वाचली. आठ दिवसांत मला एवढं कळलं होतं की या धंद्यातली निम्मी भानगड मोजपट्टी किती ताणलेली आहे याचीच असते, म्हणून ती गोष्ट वाचून हसू आलं.

पहिल्या दिवशी फाइली उघडल्या. तांबं सुरेख दिसलं, एखाद्या गावाच्या नकाशासारखं. मग होलची फाइल त्यावर घातली. काही लाल ठिपके आपापल्या पॅडवर बसले. बाकीचे डाव्या कडेला आणि खालच्या कडेला जाऊन भिंतीला पाठ टेकून उभे राहिल्यासारखे उभे.

मी सेटिंग बदलत राहिले. इंच केलं, मिमी केलं, सगळे ठिपके एकदम पंचवीस पट फुगले-आटले, पण भिंतीचे भिंतीलाच राहिले. सीडीच्या कव्हरवर दादाच्या अक्षरात पेनने लिहिलेलं होतं: ‘इंच, २.४, एलझेड’. तसंच तर ठेवलं होतं. संध्याकाळी घरी येऊन फटीशेजारी फरशीवर बसले आणि होलच्या फाइलीतल्या पहिल्या वीस ओळींचा कागद घेऊन दादाला वाचून दाखवायला लागले.

“एक्स शून्य एक दोन पाच.”

“किती आकडे झाले?”

“चार.”

“पुढची ओळ?”

“एक्स शून्य एक दोन तीन सात पाच.”

“हे सहा. यातलं कुठलं जागेवर बसलंय?”

मी स्क्रीनचा फोटो बघितला. “सहावालं.”

“मग मागची शून्यं खाल्लीत ना गं. शून्य एक दोन पाच म्हणजे एक पूर्णांक पंचवीस इंच. तू ते पाठीमागून मोजायलीस.”

गोष्ट अशी होती. या जुन्या फाइलींत दशांशचिन्ह नसतंच. दोन आकडे पूर्णांकाचे, चार अपूर्णांकाचे, हे दोघांनी आधी ठरवायचं. त्यातही कागदी फितीच्या काळापासून जागा वाचवायची सवय, म्हणून एका टोकाची शून्यं लिहायचीच नाहीत. पुढची गाळली की मागची, तेवढं वाचणाऱ्याला माहीत हवं. ०१२५ याच्या मागची शून्यं गाळली असतील तर तो सव्वा इंच, म्हणजे ३१.७५ मिमी. पुढची गाळली असं समजून वाचलं तर तेच होल कडेपासून फक्त ०.३२ मिमीवर. आणि ०१२३७५ ला काहीच होत नाही, कारण त्यात गाळण्यासारखं काही नव्हतंच. जितका आकडा गोल, तितका तो लांब भरकटला होता. एकेक ओळ तपासत बसले असते तर बरोबर ओळी सापडल्या असत्या आणि मी आणखी गोंधळले असते.

“पण कव्हरवर तूच एलझेड लिहिलंयस,” मी म्हटलं. “लीडिंग झीरो. पुढची गाळली.”

“लीडिंग झीरो आहेत म्हणून लिहिलंय.”

“गर्बरच्या फाइलीत एल म्हणजे पुढची गाळली. मी मघाशीच वाचलं.”

“गर्बरमध्ये गाळली. एक्सेलॉनमध्ये ठेवली.”

“एकाच अक्षराचा उलटा अर्थ?”

“मग? दोन कंपन्या होत्या की त्या,” असं म्हणून दादा फटीत तोंड घालून हसायला लागला, आणि वहिनी आतून ओरडल्या की डोळ्याला ताण येईल.

मला मात्र एकदम घरात आल्यासारखं वाटलं. बेळगावात वाढलेल्या माणसाला हे शिकवावं लागत नाही. वर्कशॉपमध्ये एक गोरखपूरकडचा पोरगा आहे आणि एक हुक्केरीचा. दादा मराठीत म्हणतो, “स्पिंडल खाली घे.” नव्या नव्या दिवसांत गोरखपूरवाला स्पिंडलमधून बिट काढून ते रिकामं करून ठेवायचा, कारण त्याच्या हिंदीत खाली म्हणजे रिकामं. हुक्केरीवाल्याच्या कन्नडमध्येही खाली म्हणजे रिकामंच. त्या शेडमध्ये खाली म्हणजे खाली असं मानणारा दादा एकटाच होता. आता तिथे सगळे ‘डाउन’ म्हणतात.

दुसऱ्या दिवशी सेटिंग उलटं केल्याबरोबर भिंतीवरचे ठिपके एकेक करून आपल्या जागी गेले. बोर्ड डबल टेपने खालच्या प्लायवर चिकटवला. आधी बिट हवेत फिरवून पाहिलं, मग तांबं खरवडलं. दीड तास ते करकरणं ऐकत बसले होते. मग ०.८ चा ड्रिल लावला आणि होल मारायला सुरुवात केली. पाचव्या होलनंतर हुक्केरीवाल्याने मशिन थांबवलं. “अक्का, नोड्री,” तो म्हणाला. सगळी होल पॅडच्या डावीकडे पडत होती. पॅड सोडून, मोकळ्या जागेत.

व्हर्नियर लावून मोजलं. २.२ मिमी. दुसरीकडे मोजलं, २.२. चारही कोपऱ्यांत २.२, फक्त आडवं. उभ्यात काही फरक नाही. मला हायसंच वाटलं. सगळीकडे तेवढंच चुकलंय तर तेवढंच सरकवायचं. होलच्या फाइलीला उजवीकडे २.२ चा धक्का दिला, नवा बोर्ड घेतला, आणि होल पॅडच्या मधोमध पडली. दादाचे जुने रिले, आयसी घालून हुक्केरीवाल्याने सोल्डरिंग केलं. टायमर चालू झाला. घरी येऊन “पहिलं कार्ड झालं” एवढंच सांगितलं. सरकवल्याचं सांगितलं नाही. का नाही, ते त्या वेळी मलाही नीट कळलं नव्हतं.

त्या रात्री दादाने विचारलं, “तुझं ते लिहायचं काम काय चाललंय? वाच काहीतरी. टीव्ही नाही, मोबाइल नाही, ही फरशी पाठ झाली.”

चाललं नव्हतं. धारवाडकडची एक कादंबरी मी दीड वर्ष करत होते. निवेदक एक म्हातारी आहे, सगळं तिच्याच तोंडून. पहिल्या तीन प्रकरणांचा खर्डा संपादकांनी परत पाठवला होता, समासात टिपा लिहून. हा शब्द जड वाटतो. इथे बाई इतकी शिष्ट का? हा विनोद पोचत नाही. मी प्रत्येक टीप घेऊन तेवढं वाक्य दुरुस्त केलं, परत पाठवलं. पुन्हा टिपा आल्या, दुसऱ्या वाक्यांवर. तेही केलं. तिसऱ्यांदा खर्डा आला तेव्हा त्यावर टिपा नव्हत्या, एक पत्र होतं, सौजन्याचं: काहीतरी बसत नाहीये, नेमकं बोट ठेवता येत नाही, थोडं थांबू या. ते कागद दोन महिने टेबलावर पडून होते.

ते घेऊन मी फरशीवर बसले आणि वाचायला लागले. चार-पाच पानं झाली. दादा काही बोलेना. झोपला असेल असं वाटलं.

“हे लोक कुठले गं?”

“धारवाडजवळच्या खेड्यातले.”

“मग पुण्याला कधी गेले?”

मी चिडले. त्याला म्हटलं, भाषांतर असं नसतं, मराठीत यायचं तर मराठीत यावंच लागतं. तो म्हणाला, असेल बाबा, मला काय कळतंय त्यातलं. आणि खरंच झोपला.

दुसरं कार्ड तापमानाचं. पहिल्या कार्डाचा अनुभव होता, म्हणून होलना आधीच २.२ चा धक्का देऊन ठेवला. हवेत फिरवून बघायचाही कंटाळा केला. या वेळी होल पॅडच्या उजवीकडे गेली. १.३ मिमी. बोर्ड वाया. म्हणजे याला २.२ नव्हे, ०.९ हवं होतं. मी ०.९ टाइप केलं. बटण दाबायच्या आधी हात थांबला. पहिल्या कार्डाला एक आकडा, दुसऱ्याला दुसरा, आणि दोन्ही मी व्हर्नियरने मोजून काढलेले. कुठून येतात ते मला माहीत नव्हतं. वर्कशॉपमध्ये तांब्याचे दोनच बोर्ड शिल्लक होते. फाउंड्रीच्या मालकांचा दुपारपासून तिसरा फोन होता.

घरी गेले आणि फटीशेजारी बसून सगळं सांगितलं, लपवलेल्यासकट.

दादा रागावला नाही. त्याने विचारलं ते एवढंच:

“चूक सगळीकडे तेवढीच?”

“हो.”

“लांब जाईल तशी वाढत नाही?”

“नाही. चारही कोपरे मोजले.”

“मग स्क्रूचं काही नाही. मशिनची पावलं चुकत असती तर लांबचं होल जास्त गेलं असतं. इंच-मिमीचंही नाही. कुठे जास्त कुठे कमी?”

“नाही, अगदी सारखी.”

“म्हणजे बिट वाकत नाही, बोर्ड हललेला नाही. आडवी का उभी?”

“फक्त आडवी.”

तो गप्प झाला. बाहेर पाऊस चालू होता. मी त्याच्या मानेकडे बघत होते. मानेवरचे केस पांढरे झालेत हे मी पहिल्यांदाच पाहिलं, कारण एरवी तो माझ्याकडे पाठ करून कधी एवढा वेळ नसतो.

“पालथं घातलंस ना?”

“कुणाला?”

“बोर्डाला. कॉपर खालच्या बाजूला असतंय. फाइल वरून बघितल्यागत असते, बोर्डाच्या आरपार. कॉपर वर करून मिल करायचं तर आरशात धरल्यासारखं उलटवायला लागतं. उलटवलंस ना?”

“उलटवलं. दोन्ही फाइली उलटवल्या.”

“कशाभोवती?”

मला प्रश्नच कळला नाही. उलटवण्याचं बटण होतं, ते मी दाबलं होतं. दादाने समजावलं, म्हणजे हात हवेत उलटा करून दाखवला, पालथं पडल्या पडल्या, खाटकन. पान उलटायचं तर कुठलीतरी रेघ धरूनच उलटतं. तुला सॉफ्टवेअरने विचारलं नसेल, पण त्याने काहीतरी धरलंय. तू गर्बर उलटवलीस तेव्हा त्याने तांब्याची डावी-उजवी कड बघितली आणि तिच्या मधोमध रेघ धरली. होलची फाइल वेगळी उलटवलीस तेव्हा होलची डावी-उजवी कड बघितली आणि त्यांच्या मधोमध. तांबं आणि होल काही एका मापाचे नसतात. “टायमरच्या कार्डाला उजवीकडे जाड कॉपर पट्टी आहे बघ, अर्थिंगची. तिच्यात होल नाही. ती उजवीकडे किती जास्त जाते तेवढं तुझं सरकलं असणार.”

लॅपटॉप काढून मोजलं. डावीकडे शेवटच्या होलपासून तांब्याच्या कडेपर्यंत १.५ मिमी. उजवीकडे, पट्टी धरून, ३.७.

“किती?”

“दोन पॉइंट दोन.”

“शून्य कुठे धरलंय ते बघ आधी,” तो म्हणाला. “होल सरकवत बसू नको.”

सकाळी दोन्ही फाइलींना एकच रेघ दिली, बोर्डाच्या मधोमध. २.२ काढून टाकलं, ०.९ काढून टाकलं. ट्रेसिंग पेपरवर दोन्ही काढून उजेडात धरून पाहिलं. मग बोर्ड लावला. होल पॅडवर बसली. अगदी केंद्रात नव्हेत; कुठे दहावा भाग मिमीचा इकडे, कुठे तिकडे. ते बिटाचं, बारीक ड्रिल टेकताना जरा भटकतंच. पॅड २ मिमीचं असतं, त्याला तेवढं चालतं.

मला भाषांतराची रूपकं आवडत नाहीत. पूल, खिडकी, आरसा, दोन किनारे. सभांमध्ये इतकी ऐकली आहेत की कुणी सुरू केलं की मी चहाकडे वळते. म्हणून पुढचं सांगताना मला जरा संकोच वाटतो. पण त्या दुपारी ड्रिल चालू असताना मी टेबलावर बसून संपादकांच्या टिपा आठवत होते, एकेक. इथे शिष्ट, तिथे जड, तिथे विनोद पोचत नाही. सगळीकडे सारखी चूक. लांब जाईल तशी वाढत नाही. कुठे जास्त कुठे कमी नाही. आणि मी सहा महिने वाक्यं सरकवत बसले होते.

म्हातारीची कन्नड धारवाडी होती, आणि मी तिला ज्या मराठीत आणलं ती मी हैदराबादच्या हॉस्टेलवर शिकलेली मराठी. माझ्या खोलीत दोन पुण्याच्या मुली होत्या. पहिल्याच आठवड्यात मी म्हटलं, “मी जेवायला जातो.” त्या हसून हसून लोळल्या. आमच्याकडे बायका ‘मी येतो’, ‘मी जातो’, ‘मी करतो’ म्हणतात, कोल्हापुरातही म्हणतात, त्यात कुणी पुरुष होत नाही. पण मी ते महिन्याभरात टाकलं. इतकं नीट टाकलं की पुढे लिहायला बसले तेव्हा शून्य तिथेच धरलेलं होतं आणि मला कुणी विचारलंही नव्हतं. अक्का, अण्णा, तूप हे शब्द दोन्हीकडे तेच. त्या म्हातारीच्या आणि माझ्या आजीच्या बोलण्यात पन्नास-साठ मैलांचंच अंतर. मी तिला त्याच्या कितीतरी पट लांब नेलं होतं आणि मग वाक्यावाक्याने परत आणायला बघत होते.

हे मी दादाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तो म्हणाला असता, मी तेच म्हटलं की.

पण ते तेवढं सरळही नाही, हे पुढच्या पंधरवड्यात कळलं. पहिलं प्रकरण मी बेळगावच्या मराठीत नव्याने केलं. म्हातारी बोलायला लागली. विनोद आपोआप पोचले, टिपा आलेली निम्मी वाक्यं हात न लावता सुधारली. आणि तिची लेक बिघडली. लेक कादंबरीत बंगळुरूला बँकेत आहे, मुद्दाम पुस्तकी कन्नड बोलते, आईला त्याची लाज वाटते आणि अभिमानही. पूर्वी दोघी सारख्याच शिष्ट होत्या. आता दोघी सारख्याच गावच्या झाल्या. तिचं बोलणं पुन्हा पुण्याला न्यावं लागलं. ते करताना वडिलांच्या तोंडचं काय करायचं हा प्रश्न उभा राहिला, कारण ते मुलीशी एक बोलतात आणि बायकोशी एक. बोर्डाला एक मधली रेघ दिली की काम संपतं. माणसांच्या घरात तेवढ्यावर भागत नाही. आणखी एक भीती आहेच: संपादक ‘मी येतो’ला लिंगाची चूक समजून लाल रेघ मारतील. मारू देत. त्याचं पत्र मी तयार ठेवलंय.

कार्डं बसली. घड्याळवाली पोरं ओव्हनपुढून उठली. फाउंड्रीच्या मालकांनी दादाला फोन करून सांगितलं की बहिणीने काम चोख केलं, आणि बिल दादाच्याच नावाने मागितलं.

नवव्या दिवशी दादा उठून बसला. बुडबुडा जिरत होता. त्याने सांगितलं की उजव्या डोळ्यात मधोमध एक आडवी रेघ दिसते, तिच्यावर जरा जरा दिसायला लागलंय, खाली सगळं पाण्यासारखं. आणि मान हलवली की ती रेघ डोलते आणि परत सपाट होते. “पाणसळ बसवलीय डोळ्यात,” तो म्हणाला. डॉक्टरांनी दृष्टी किती परत येईल ते सांगितलं नव्हतं. त्याने विचारलंही नव्हतं. वहिनींनी मला नंतर स्वयंपाकघरात सांगितलं की रात्री तो डावा डोळा झाकून भिंतीवरचं कॅलेंडर वाचायचा प्रयत्न करतो.

मी त्याला वाया गेलेला बोर्ड दाखवायला आणला होता, १.३ वाला. त्याने तो खिडकीकडे धरला, डावा डोळा लावला आणि एकेका होलमधून उजेड बघत गेला. मग उजवा लावला. बराच वेळ तसाच धरून बसला. काय दिसलं ते बोलला नाही. बोर्ड फेकला नाही, शेजारी ठेवला.

“ती म्हातारी,” तो म्हणाला. “पुढे काय झालं तिचं?”

“ते सगळं बदललंय आता.”

“असू दे. वाच की.”

“पहिल्यापासून वाचतो,” मी म्हटलं.